‘सर’ न झालेला अ‍ॅडमिरल : रॉबर्ट फिट्झरॉय आणि बंदरावरचा बावटा

दर्याकाठी

माझे वडील वेंगुर्ल्याला बंदर खात्यात होते. वादळाची तार आली की ते डोलकाठीपाशी जायचे आणि दोरीने काळे आकार वर चढवायचे. अख्खं गाव त्याला बावटाच म्हणायचं. ‘तीन नंबरचा बावटा लागला’ म्हटलं की होड्या किनाऱ्याला ओढल्या जायच्या. पण तो बावटा नव्हे. त्यात फडफडणारं काही नाही. एक आकार शंकूसारखा, एक पिंपासारखा, दोन्ही काळे कुळकुळीत. लहानपणी मी विचारलं होतं, झेंडा का नाही लावत? हातातली दोरी न सोडता ते म्हणाले, “वारो पडलो तर झेंडो लोंबता. वारो आडवो इलो तर नुसती कड दिसता. ह्यो खयसूनय बघ, सारकोच दिसता.”

शंकू कुठल्याही बाजूने पाहिला तरी त्रिकोणच दिसतो आणि पिंप चौकोनच दिसतं. इतकी साधी, इतकी पक्की युक्ती. ती ज्याने बंदरांवर आणली त्याचं नाव मला पन्नाशीत कळलं: व्हाइस अ‍ॅडमिरल रॉबर्ट फिट्झरॉय. तेव्हापासून या माणसाबद्दल मिळेल ते वाचते आहे. वाचताना मन भरून येतं आणि रागही येतो. आपल्याकडे त्याची ओळख ‘डार्विनच्या जहाजाचा कप्तान’ एवढ्यावरच संपते, म्हणून हा धागा. त्याला आयुष्यात काय मिळालं आणि काय मिळायला हवं होतं, याचा हिशेब मला मांडायचा आहे.

जन्म ५ जुलै १८०५, इंग्लंडमधल्या सफोक परगण्यात. आजोबा ग्राफ्टनचे ड्यूक आणि एकेकाळचे पंतप्रधान, म्हणजे घराणं बडंच. पण आरमारात त्याने नाव कमावलं ते अभ्यासाने. बाराव्या वर्षी पोर्ट्समथच्या नाविक विद्यालयात गेला आणि १८२४ मध्ये लेफ्टनंटच्या परीक्षेत पैकीच्या पैकी गुण मिळवले. त्याआधी कोणालाच ते जमलेलं नव्हतं. १८२८ मध्ये दक्षिण अमेरिकेच्या टोकाशी सर्वेक्षण करणाऱ्या ‘बीगल’च्या कप्तानाने त्या एकाकी, गारठलेल्या किनाऱ्यावर स्वतःवर गोळी झाडून घेतली. ते जहाज तेविशीतल्या फिट्झरॉयच्या हाती आलं. दुसरी सफर २७ डिसेंबर १८३१ ला निघाली आणि २ ऑक्टोबर १८३६ ला परतली. डार्विन होता तो याच सफरीत.

या सफरीचं आरमाराच्या दृष्टीने खरं काम होतं नकाशांचं. रेखांश मोजायचे तर बिनचूक वेळ हवी, म्हणून बीगलवर २२ क्रोनोमीटर होते. त्यातले सहा फिट्झरॉयच्या स्वतःच्या मालकीचे! काम वेळेत उरकेना म्हणून त्याने आणखी एक गलबत विकत घेतलं, तेही पदरच्या पैशाने. आरमार खात्याने खर्च नाकारला आणि ते विकावं लागलं. त्या धक्क्याने तो इतका खचला की व्हाल्पाराइसोला त्याने कप्तानपद सोडलंच होतं, सहकाऱ्यांनी समजूत घातली म्हणून परतला. पुढेही आयुष्यभर त्याने असंच केलं. काम अडलं की खिशात हात घालायचा, आणि नंतर कोणी भरपाई द्यायचं नाही.

मानसन्मान म्हणाल तर सुरुवात झकास झाली. १८३५ मध्ये सफरीवर असतानाच कॅप्टनपदाची बढती, १८३७ मध्ये रॉयल जिओग्राफिकल सोसायटीचं सुवर्णपदक, १८४१ मध्ये डरहॅममधून खासदार. व्यापारी जहाजांच्या कप्तानांना परीक्षा सक्तीची असावी, असं विधेयक त्याने १८४२ मध्ये मांडलं. तोवर कोणीही उठून शेकडो माणसांचं जहाज हाकू शकत होता. त्याचा कायदा व्हायला १८५० उजाडलं. मधल्या काळात तो न्यूझीलंडचा गव्हर्नर झाला आणि दोन वर्षांत परत बोलावला गेला. १८५० मध्ये प्रकृती आणि घरच्या अडचणींमुळे जहाजाची नोकरी सोडली, ती कायमची. १८५१ मध्ये रॉयल सोसायटीचा सदस्य झाला, पाठिंबा देणाऱ्यांत डार्विन होता.

पुढे १८५७ मध्ये रिअर अ‍ॅडमिरल आणि १८६३ मध्ये व्हाइस अ‍ॅडमिरल. म्हणजे हा माणूस अ‍ॅडमिरल झाला तेव्हा त्याला समुद्र सोडून सात वर्षं झाली होती. त्याच्या हाताखाली ताफा कधीच नव्हता. होतं ते लंडनमधलं एक लहानसं कार्यालय आणि तीन-चार कारकून. ब्रिटिश सरकारच्या व्यापार मंडळाने (बोर्ड ऑफ ट्रेड) १८५४ मध्ये त्याला हवामानाच्या नोंदी गोळा करायला नेमलं होतं. नुसत्या नोंदी. अंदाज कोणी मागितलाच नव्हता.

मग २५-२६ ऑक्टोबर १८५९ ची रात्र आली. मेलबर्नहून लिव्हरपूलला निघालेलं ‘रॉयल चार्टर’ घरापासून काही तासांच्या अंतरावर, वेल्सच्या अँगलसी बेटाच्या खडकांवर फुटलं. साडेचारशेच्या आसपास माणसं गेली. ऑस्ट्रेलियाच्या खाणींतलं सोनं घेऊन घरी परतणारी माणसं होती ती. त्या एका वादळात ब्रिटनच्या किनाऱ्यांवर १३३ जहाजं बुडाली. फिट्झरॉयने ठिकठिकाणच्या बॅरोमीटरच्या नोंदी एकत्र मांडल्या आणि दाखवून दिलं की वादळ एकदम कोसळलं नव्हतं, ते सरकत सरकत आलं होतं. ज्या गावात ते आधी पोचलं तिथून पुढच्या गावाला तार गेली असती, तर? तारेचे खांब तर उभेच होते.

फेब्रुवारी १८६१ मध्ये त्याने पहिला वादळाचा इशारा पाठवला. तार मिळाली की बंदरावर काळ्या कापडाचा तीन फुटी शंकू चढवायचा. टोक वर असेल तर उत्तरेकडचं वादळ, टोक खाली असेल तर दक्षिणेकडचं. एकामागून एक वादळं येणार असतील तर पिंप. त्याच वर्षी १ ऑगस्टला ‘टाइम्स’मध्ये त्याचा पहिला हवामान अंदाज छापून आला: उत्तरेला मध्यम पश्चिमी वारा, पश्चिमेला मध्यम नैर्ऋत्य, दक्षिणेला जोराचा पश्चिमी, हवा सगळीकडे चांगली. बस, एवढंच. आज आपण सकाळी मोबाइल उघडून पाऊस बघतो त्याची सुरुवात या तीन ओळींत आहे.

एवढं करून त्याला ‘सर’ ही पदवी मिळाली नाही. बीगलवर त्याच्या हाताखाली लेफ्टनंट असलेला बार्थॉलोम्यू सलिव्हन १८६९ मध्ये सर झाला. त्याआधीच, व्यापार मंडळातली मोठी नाविक जागा फिट्झरॉयने मागितली तेव्हा तीही सलिव्हनलाच गेली होती. सलिव्हन लायक होता, वाद नाही. पण मला हे पचत नाही. तुम्हाला काय वाटतं?

जुनीपाने

उत्तम धागा, ताई. बढत्यांबद्दल थोडी भर घालतो, कारण त्याशिवाय हा हिशेब अर्धा राहील.

त्या काळच्या ब्रिटिश आरमारात एकदा कॅप्टन झालं की पुढचा जिना निव्वळ ज्येष्ठतेचा होता. वरचा कोणी वारला किंवा निवृत्त झाला की खालची रांग एक पायरी सरकायची. अ‍ॅडमिरलांचेही लाल, पांढरा, निळा असे तीन विभाग होते, ते १८६४ मध्ये मोडीत निघाले. तेव्हा रिअर अ‍ॅडमिरल आणि व्हाइस अ‍ॅडमिरल हे फिट्झरॉयचे ‘सन्मान’ नव्हतेच. १८३५ चा कॅप्टन जिवंत राहिला म्हणून १८५७ मध्ये रिअर अ‍ॅडमिरल झाला, इतकंच.

म्हणूनच ‘सर’ महत्त्वाचं. ते ज्येष्ठतेने मिळत नसे, कोणीतरी शिफारस करावी लागे. आरमारवाल्यांच्या लेखी हा गडी समुद्र सोडून कचेरीत बसलेला. आणि व्यापार मंडळाच्या लेखी तो न सांगितलेलं काम करणारा. शिफारस करणार कोण? दोन घरचा पाहुणा उपाशी राहतो, तसं झालं त्याचं.

दर्याकाठी

जुनीपाने, अगदी नेमकं बोललात. मी बढत्या सन्मानांच्या खात्यात धरत होते. म्हणजे हातात उरतं काय? भूगोल सोसायटीचं पदक आणि रॉयल सोसायटीचं सदस्यत्व. दोन्ही शास्त्रज्ञांनी दिलेले आणि दोन्ही हवामानाच्या इशाऱ्यांच्या आधीचे. ज्या कामासाठी जीव जाळला, त्यासाठी शून्य.

सागवान

मुंबईकरांसाठी एक धागा यात गुंफलेला आहे. बीगल मिळण्याआधी फिट्झरॉय ज्या जहाजावर रिअर अ‍ॅडमिरल ऑटवे यांचा फ्लॅग लेफ्टनंट, म्हणजे खास मदतनीस अधिकारी, होता, ते ८४ तोफांचं ‘गँजिस’ आपल्या मुंबईच्या गोदीत बांधलेलं. १८२१ मध्ये पाण्यात उतरलं. वाडिया घराण्याची कारागिरी आणि अस्सल साग. ओकची जहाजं कुजून जायची तिथे सागाची जहाजं पिढ्यान् पिढ्या टिकत. ‘गँजिस’ पुढे प्रशांत महासागरात ध्वजनौका होतं, नंतर पोरांना खलाशी बनवायचं शिक्षणजहाज झालं आणि विसाव्या शतकातही तरंगत होतं. तेविशीतला फिट्झरॉय वर चढून नवी कामगिरी घ्यायला गेला असेल तो आपल्या सुतारांनी रंधा मारलेल्या फळ्यांवरून. मी गोदी भागात लहानाचा मोठा झालो, त्यामुळे हे वाचलं तेव्हा अंगावर काटा आला होता.

कडूनिंब

लेख आवडला, पण माणूस पूर्ण यायला हवा. पहिल्या सफरीत बीगलची एक होडी चोरीला गेली तेव्हा याने दक्षिण अमेरिकेच्या टोकाशी असलेल्या टिएरा डेल फ्युगोची माणसं ओलीस धरली आणि त्यातल्या चौघांना इंग्लंडला नेलं. एक जण देवीच्या रोगाने मेला. जेमी बटन हे नाव एका मुलाला दिलं, का तर त्याच्या बदल्यात घरच्यांना मोत्याचं बटण दिलं म्हणून. त्याचं खरं नाव ओरुंडेलिको होतं. ब्राझीलमध्ये गुलामगिरीवरून डार्विनशी भांडण झालं तेव्हाही हा गुलामगिरीची बाजू घेत होता. मालकाने गुलामांना समोर बोलावून विचारलं, तुम्हाला सुटका हवी का, तर सगळे ‘नको’ म्हणाले, हा याचा पुरावा! डार्विनने विचारलं, मालकासमोर दिलेल्या उत्तराची किंमत काय? त्यावर याने त्याला खोलीतून हाकललं. काही तासांत माफीही मागितली, हे खरं. पण सन्मानांचा हिशेब मांडताना हे रकानेही भरले पाहिजेत.

दर्याकाठी

कडूनिंब, भरले पाहिजेत, आणि तुम्ही भरलेत हे बरं झालं. त्या चौघांचं मलाही बोचतं. उरलेल्या तिघांना त्याने दुसऱ्या सफरीत मायदेशी नेऊन सोडलं. आरमार खातं हात वर करत होतं तेव्हा त्यासाठी स्वतःच्या खर्चाने जहाज ठरवायची तयारीही त्याने केली होती. पण मुळात नेलं कशाला, हा तुमचा प्रश्न त्याने पुसला जात नाही.

ऑकलंडची_आई

मी न्यूझीलंडमध्ये राहते, म्हणून त्या दोन वर्षांबद्दल लिहिते. तुमच्या लेखात ती एका वाक्यात उरकली आहेत आणि तिथे तो मला सगळ्यात मोठा वाटतो.

जून १८४३ मध्ये वायराऊला जमिनीच्या वादातून चकमक झाली आणि २२ गोरे मारले गेले. मेलेल्यांत शरण आलेलेही होते. वसाहतीतल्या गोऱ्यांना सूड हवा होता. फिट्झरॉय डिसेंबरात पोचला, थेट माओरी मुख्य ते राउपराहाकडे गेला, सगळ्यांसमोर त्याची बाजू ऐकून घेतली आणि सांगितलं: शरण आलेल्यांना मारलंत हा गुन्हा आहे, पण आधी चूक गोऱ्यांची. जमिनीचा व्यवहार सिद्ध झालेला नसताना तिथे मोजणीला जायचा त्यांना अधिकार नव्हता. मी सूड घेणार नाही.

१८४४ मध्ये, ब्रिटिश गव्हर्नर, स्वतःच्या लोकांविरुद्ध! गोऱ्या वसाहतवाल्यांनी लंडनला तक्रारींचा भडिमार केला. तिजोरी रिकामी होती म्हणून त्याने कागदी हुंड्या काढल्या, त्याचाही बोभाटा झाला. उत्तरेत होने हेके या माओरी मुख्याने कोरोरारेका गावातली ब्रिटिश झेंड्याची काठी पुन्हा पुन्हा तोडली, लढाई पेटली. १८४५ मध्ये त्याला परत बोलावलं. कारभार त्याला जमला नाही हे खरंच आहे. पण ‘सर’ न मिळण्याचं एक कारण इथेही आहे, आणि ते कारण त्याला शोभणारं आहे.

कडूनिंब

ऑकलंडची_आई, ही बाजू मला नीट उलगडली नव्हती. माणूस एका रकान्यात मावत नाही हेच खरं. धन्यवाद.

वातकुक्कुट

हवामानशास्त्र शिकवतो म्हणून शास्त्राच्या बाजूने लिहितो.

फिट्झरॉयकडे पंधराएक ठिकाणांहून सकाळी तारा यायच्या: दाब, तापमान, वारा. उपग्रह नाही, वरच्या हवेची मोजणी नाही, अटलांटिकवरून येणाऱ्या वादळाची खबर द्यायला पश्चिमेला जमीनच नाही. तेवढ्या तुटपुंज्या सामग्रीवर तो दोन दिवसांचा अंदाज द्यायचा. ‘भाकीत’ हा शब्द त्याने मुद्दाम टाळला. आपलं सांगणं ही भविष्यवाणी नाही, नोंदी जुळवून हिशेबाने काढलेलं मत आहे, म्हणून त्याने ‘फोरकास्ट’ हा शब्द रुळवला. मराठीत आपण ‘अंदाज’ म्हणतो, ते त्याच्या भूमिकेला फार जवळचं आहे.

अंदाज चुकायचे. चुकणारच. वर्तमानपत्रांतून टीका व्हायची, शास्त्रज्ञ म्हणायचे की सिद्धांताचा पाया नसताना छापायची घाई कशाला. त्याच्या मृत्यूनंतर फ्रान्सिस गॉल्टन यांच्या समितीने १८६६ मध्ये अहवाल दिला आणि दैनिक अंदाज बंद झाले. वर्षअखेरीस वादळाचे इशारेही थांबवले. पुढे काय झालं ते महत्त्वाचं आहे. बंदरांवरून ओरड झाली की आमचे शंकू परत द्या, आणि वर्षभरात इशारे पुन्हा सुरू करावे लागले. विद्वानांना जे कच्चं वाटलं ते किनाऱ्यावरच्यांना हवं होतं. वर्तमानपत्रांतले अंदाज मात्र १८७९ पर्यंत परतले नाहीत.

आपल्याकडचं सांगायचं तर १८६४ च्या कलकत्त्याच्या भीषण चक्रीवादळानंतर १८६५ मध्ये कलकत्ता बंदरासाठी इशारे सुरू झाले. १८७५ मध्ये भारतीय हवामान खातं स्थापन झालं. आणि पश्चिम किनाऱ्यावर १८८० मध्ये ज्या बंदरांना ही सोय मिळाली त्यांत मुंबई, कराची, रत्नागिरी, कारवार, कुमठा होती. आणि ताई, वेंगुर्लाही.

दर्याकाठी

वातकुक्कुट, शेवटचं वाक्य दोनदा वाचलं. म्हणजे वडील ज्या काठीपाशी उभे राहायचे तिथे हे काम १८८० पासून चाललेलं. त्यांना हे कळायला हवं होतं.

नवखा_वाचक

सगळं वाचून काढलं. त्याचा शेवट कसा झाला? कोणीच लिहिलं नाही.

दर्याकाठी

लिहायला हात उचलत नव्हता. ३० एप्रिल १८६५, रविवारची सकाळ. घरचे उठायच्या आत फिट्झरॉयने आपलं आयुष्य संपवलं. ऐकू कमी येऊ लागलं होतं, झोप उडाली होती, कामाने शरीर थकलं होतं, टीका सुरूच होती. त्याचे मामा लॉर्ड कासलरे यांचाही अंत १८२२ मध्ये असाच झाला होता आणि ती भीती त्याच्या मनात तरुणपणापासून होती. डार्विनच्या सिद्धांताने त्याच्या श्रद्धेला जखम झाली होती तीही भरली नव्हती. १८६० मध्ये ऑक्सफर्डला उत्क्रांतीवरून वाद झाला त्या गाजलेल्या सभेत हा पिकल्या केसांचा अ‍ॅडमिरल बायबल उंचावून उभा राहिला होता. आदल्याच दिवशी त्याने तिथे वादळांवर निबंध वाचला होता. पण एकच एक कारण शोधू नये, असं मला वाटतं.

गेल्यावर कळलं की घरात पैसा उरलेला नाही. सगळा सरकारी कामांत गेला होता. निधी उभा करायला पुढे आला तो सलिव्हन, ज्याच्याबद्दल मी वर जरा कडवटपणे लिहिलं. ते मागे घेते. डार्विनने १०० पौंड दिले. सरकारने ३००० पौंड दिले आणि राणी व्हिक्टोरियाने त्याच्या पत्नीला हॅम्पटन कोर्टात राहायला जागा दिली. जिवंतपणी यातलं थोडं मिळालं असतं तर.

जुनीपाने

मरणोत्तर खातंही मांडून टाकू. पॅटागोनियातला तो सुळक्यांचा प्रसिद्ध डोंगर १८७७ पासून फिट्झरॉय आहे. चिलीतल्या एका प्रचंड वृक्षाच्या जातीला त्याचं नाव आहे. ब्रिटिश हवामान खात्याचं एक्झेटरचं मुख्यालय फिट्झरॉय रस्त्यावर आहे. आणि २००२ मध्ये रेडिओवरच्या सागरी हवामान वृत्तात फिनिस्टेर या समुद्रभागाचं नाव बदलून फिट्झरॉय ठेवलं. त्या यादीत माणसाचं नाव असलेला तो एकच भाग. खलाशी रोज ऐकतात.

पाजपंढरीकर

मी पहिल्यांदाच लिहितोय. आमचं घर हर्णै बंदराजवळ, तीन पिढ्या मासेमारी. आता मोबाइलवर आधीच कळतं, ट्रॉलरवर वायरलेस आहे, तरी बावटा लागला का हे वडील अजून विचारतात. तीन नंबर म्हणजे वादळी वाऱ्याचा धोका, चार म्हणजे वादळ बंदराकडे येण्याची शक्यता, हे आम्हाला शाळेत जायच्या आधी पाठ होतं. निसर्ग वादळात (जून २०२०) छपरं गेली, माड आडवे झाले, पण आमच्या घरातलं कोणी पाण्यात नव्हतं. ह्या माणसाचं नाव आज कळलं. वडिलांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, विचार तिला, रात्री काय करायचे? काळा शंकू रात्री दिसणार कसा?

दर्याकाठी

पाजपंढरीकर, वडिलांना माझा नमस्कार सांगा. फार योग्य विचारलंत.

फिट्झरॉयनेही तो विचार केला होता. रात्री शंकूच्या जागी तीन कंदील त्रिकोणात टांगायचे आणि पिंपाच्या जागी चार कंदील चौकोनात. आपल्याकडे रात्री लाल आणि पांढरे दिवे लावतात, कुठला वर आणि कुठला खाली यावरून नंबर कळतो. वडील संध्याकाळी ते कंदील घरी आणायचे. आई जुन्या धोतराच्या फडक्याने काचा पुसायची, लाल काच जास्त जपून, कारण ती फुटली तर दुसरी मुंबईहून यायची. मग वडील रॉकेल भरून, वात कापून घेऊन जायचे. रात्री बाराला पाऊस कितीही असो, टोपरं घेऊन एकदा बाहेर जाऊन बघून यायचे. आल्यावर आई अंधारातून विचारायची, “पेटतंत मा?” ते म्हणायचे, “पेटतंत.” मग ती कूस बदलायची.